कृपया कोच क्रमांक तपासून घ्या

आमचे भाऊजी रेल्वेत टीसी होते. निवृत्त होऊन बोरगाव मेघेत घर बांधलं त्यालाही आता बरीच वर्षं झाली, पण डोक्यातला चार्ट काही निघालेला नाही. त्यांच्या लेखी कोच म्हणजे डबा. एस-चार, बी-दोन, नाहीतर मागचा जनरल. त्यामुळे २०१८च्या ऑक्टोबरात मी पेपर वाचता वाचता "पुण्यानं तीन मॅचमध्येच कोच काढला" असं म्हणालो, तेव्हा त्यांनी चहाची बशी खाली ठेवली आणि खात्यातल्या गांभीर्यानं विचारलं, "काऊन? अ‍ॅक्सल गरम झाला होता का?"

मी म्हटलं, भाऊजी, डबा नाही, माणूस. फुटबॉलचा कोच. मिगेल अँजेल पोर्तुगाल नावाचे गृहस्थ आहेत. राहणार स्पेन.

"नाव पोर्तुगाल अन् राहते स्पेनात?"

"हो."

"म्हंजे तिकीट एकाच्या नावाचं अन् बसला दुसराच. मंग तर उतरवाच लागते."

हा संवाद मी विसरलो होतो. आठवायचं कारण असं, की गेल्या पावसाळ्यात आमच्या पानठेल्यावर गावाचा फुटबॉल क्लब काढायचं ठरलं. बोरगाव मेघे म्हणजे काय, हे बाहेरच्यांना समजावणं कठीण आहे. वर्ध्याला आम्ही इतके खेटून आहोत, की शहर कुठे संपलं आणि आम्ही कुठे सुरू झालो हे फक्त घरपट्टीच्या पावतीवरून कळतं. धड गाव नाही, धड शहर नाही, अशा ठिकाणाला स्वतःची ओळख हवीच असते. तेव्हा क्लब निघाला. अध्यक्ष मिळाले, तीन उपाध्यक्ष मिळाले, ज्यांना काहीच मिळालं नाही त्यांचं मार्गदर्शक मंडळ झालं. क्लबचं नाव अजून ठरलेलं नाही, कारण नावावरून दोन गट आहेत. चेंडू यायचा आहे. पोरं बारावीच्या परीक्षेनंतर बघू म्हणतात. पण कोच मात्र आतापर्यंत दोन बदलून झाले. पहिल्यांना उन्हाचा त्रास होता आणि दुसरे उपाध्यक्षांच्या विरोधी पार्टीचे निघाले.

तिसरा नेमण्याआधी कुणीतरी मोठ्या क्लबांचा अभ्यास करावा असा ठराव झाला, आणि पानठेल्यावर पेपर वाचणारा मी एकटाच असल्यामुळे अभ्यास समिती म्हणून माझी नेमणूक झाली. माझा अहवाल कमिटीनं दाखल करून घेतला आणि न वाचता मंजूर केला. निदान तुम्ही तरी वाचा.

महाराष्ट्रात नमुना शोधायला मला फार लांब जावं लागलं नाही. एफसी पुणे सिटी. इंडियन सुपर लीगच्या पहिल्या मोसमापासून, म्हणजे २०१४पासून, २०१९पर्यंत बालेवाडीच्या क्रीडासंकुलात नांदलेला क्लब. लिलावात संघ मिळाला तेव्हा मालकांत सलमान खानचं नाव होतं. स्पर्धा सुरू होता होता हृतिक रोशनचं आलं. चेंडू मैदानात पडायच्या आधीच मालकांमध्ये एक बदली खेळाडू उतरला होता. पुढे अर्जुन कपूरही आला. यांच्या चाहत्यांनी स्वतःला 'ऑरेंज आर्मी' म्हणवून घेतलं. संत्री आमची, आर्मी पुण्याची. विदर्भावरच्या अन्यायाच्या यादीत हे अजून कुणी घातलेलं दिसत नाही, म्हणून मी इथे नोंदवून ठेवतो.

आता कोच. पाच मोसम, सात माणसं.

पहिले फ्रँको कोलोंबा, इटलीचे. क्लबची हातमिळवणी इटलीच्याच फिओरेन्टिनाशी. तेव्हा वाटलं, चला, इटालियन घराणं दिसतंय. नावाजलेला खेळाडू आणला तो मात्र डेव्हिड ट्रेझेगे, म्हणजे २००० सालच्या युरो स्पर्धेच्या अंतिम सामन्यात जादा वेळेत गोल मारून अख्ख्या इटलीला रडवणारा फ्रेंच. सवतीलाच घरची किल्ली दिल्यासारखं. आठ संघांत सहावा नंबर.

दुसरे डेव्हिड प्लॅट, इंग्लंडचे माजी कर्णधार, १९९०च्या विश्वचषकात बेल्जियमला शेवटच्या मिनिटाला हवेतल्या हवेत गोल मारणारे. घराणं बदललं, आता इंग्रजी. दिमतीला रोमानियाचा आद्रियान मुटू. आठात सातवा नंबर. प्लॅटसाहेब गेले.

तिसरे अंतोनियो हबास. हे स्पेनचे, आणि यांनी पहिल्याच वर्षी, २०१४ला, कोलकात्याला अजिंक्यपद मिळवून दिलेलं. माणूस खमक्या. त्यांचं शास्त्र साधं: आधी दारं-खिडक्या लावा, मग पाहुणे कोण आलेत ते बघू. पण पुण्यात आले ते आदल्या मोसमातल्या वागण्याबद्दल चार सामन्यांची बंदी सोबत घेऊनच. साखळी एकूण चौदा सामन्यांची, त्यातले चार कोच गॅलरीत. त्या वर्षीचा नावाजलेला खेळाडू आइसलँडचा गुडयॉन्सन. तो दुखापत होऊन मोसमाआधीच बाद झाला आणि त्याच्या जागी सिसोको आला. कोच मैदानाबाहेर, मोठं नाव दवाखान्यात आणि नंबर पुन्हा सहावा. पुढच्या वर्षासाठी हबासना ठेवायचं ठरलं होतं. मोसम तोंडावर आला आणि तेही फिसकटलं. याच हबासनी पुढे २०१९-२०मध्ये कोलकात्याला पुन्हा अजिंक्यपद मिळवून दिलं. पुण्याच्या आधीही जिंकले, पुण्याच्या नंतरही जिंकले. मधल्या वर्षाला काय म्हणावं? आमच्याकडे अशा वर्षाला साडेसाती म्हणतात, पण ती नेमकी कुणाला लागली होती याबद्दल दुमत आहे.

चौथे रँको पोपोविच, सर्बियाचे. आले सप्टेंबर २०१७मध्ये, आणि नवल घडलं. मार्सेलिन्हो आणि अल्फारो ही जोडी समोर धावू लागली, संघ दार लावायचं सोडून दुसऱ्याचं दार ठोठावू लागला, दहा संघांत चौथा आला आणि पहिल्यांदाच उपांत्य फेरीत पोचला. तिथे पुण्यातला सामना गोलशून्य झाला आणि बेंगळुरूत सुनील छेत्रीनं तीन गोल मारून कारभार आटोपला. पण हरकत नव्हती. चार वर्षांत प्रथमच लोकांना हा संघ कसा खेळतो हे एका वाक्यात सांगता येत होतं. आता पुढे काय झालं असेल ते वाचकांनी ओळखलंच असेल.

पोपोविच गेले.

पाचवे ते पोर्तुगाल. आदल्या वर्षी दिल्लीच्या संघाकडे होते आणि पुण्याकडून पहिला सामना खेळले तो दिल्लीशीच, बरोबरी. मग मुंबईकडून दोन गोलांनी हार, बेंगळुरूकडून तीन गोलांनी हार. संपलं. आमच्याकडे नवीन तलाठी आला तर त्याला गाव कळायला सहा महिने देतात. पोर्तुगाल यांना बालेवाडीचा चहा कुठे बरा मिळतो हे कळायच्या आत परतीचं तिकीट मिळालं.

सहावे प्रद्युम रेड्डी. प्रभारी. या शब्दाबद्दल मला आदर आहे. सरकारी कचेरीत ज्याचं काही काम अडलंय त्याला ठाऊक असतं, की कायम साहेब रजेवर किंवा प्रशिक्षणाला असतात आणि कागद हलतो तो प्रभारीच्या सहीनं. रेड्डींनी गाडा ओढला, सावरला, आणि मग रीतीप्रमाणे कायम साहेब आले.

सातवे फिल ब्राऊन, इंग्लंडचे. हे गृहस्थ हल सिटीचे कोच असताना एका गोष्टीनं प्रसिद्ध झाले होते. २००८च्या २६ डिसेंबरला मँचेस्टर सिटीविरुद्ध मध्यंतरालाच चार गोल खाल्ल्यावर यांनी आपल्या संघाला आत नेलं नाही. तिथेच मैदानात, हजारो प्रेक्षकांसमोर खाली बसवून झापलं. जिल्हा परिषद शाळेत शिकलेल्या कुठल्याही माणसाला यात नवीन काही वाटणार नाही. कोंबडा केला नाही हेच नशीब. ब्राऊन आल्यावर पुण्याची घसरण थांबली, नंबर सातवा आला, आणि यांना काढायचं की ठेवायचं हे ठरण्याआधी, २०१९च्या ऑगस्टमध्ये, मालकांच्या पैशांच्या अडचणींपायी क्लबच निघाला. कोच काढायची इतकी सवय झाली होती, की शेवटी कोच राहिला आणि टीम गेली. ब्राऊनसाहेब पुण्याच्या जागी आलेल्या हैदराबादला रुजू झाले.

हा भाग मी पानठेल्यावर वाचून दाखवला तेव्हा आमच्या मार्गदर्शक मंडळातले एक आचारी उठून उभे राहिले. लग्नाकार्याला हजार-हजार पानं उठवलेला माणूस. म्हणाले, "साहेब, हे काही खेळाचं नाही, हे पंगतीचं हाय. पयल्या पंगतीले एक आचारी, दुसऱ्या पंगतीले दुसरा. येणारा म्हणते, आधीच्यानं मीठ टाकलं नसन. तो टाकते. त्याच्या मागून येणारा तेच म्हणते. वरण पोटात जात नाही अन् शिव्या वाढप्याले."

वाढपी म्हणजे इथे खेळाडू. त्या बिचाऱ्यांना एका वर्षी सांगितलं, चेंडू पायाशी ठेवा. दुसऱ्या वर्षी सांगितलं, ठेवू नका, लांब भिरकवा. तिसऱ्या वर्षी, चेंडू राहू द्या, आधी मागे या. चौथ्या वर्षी, मागे काय बसलात, पुढे जा! यातलं काहीही चुकीचं नाही. प्रत्येक गोष्टीनं जगात कुणी ना कुणी चषक जिंकलाय. फक्त एकाच पोराला चार वर्षांत चारही सांगितल्या, तर तो पाचव्या वर्षी पंचांकडे बघतो, की तुम्हीच सांगा बुवा, काय करू.

न्याय म्हणून हेही लिहिलं पाहिजे, की सगळा दोष क्लबचा नव्हता. पहिली तीन वर्षं ही स्पर्धा म्हणजे ऑक्टोबर ते डिसेंबरचा मामला. साखळीचे चौदा सामने, खेळाडूंचे करार बहुतेक एकाच मोसमाचे, मैदानात एका वेळी सहा परदेशी. दिवाळीत संघ जमायचा, नाताळात पांगायचा. दिवाळीत भाऊबीजेला आलेल्या पाहुण्यांकडून घराण्याची परंपरा कशी तयार होणार? त्यात प्रत्येक संघाला एक थकलेला का होईना पण जगप्रसिद्ध माणूस हवा. कोच हा त्या जाहिरातीतलाच एक फोटो. वर्ष संपलं की फोटो बदलायचा. हे पुण्यातच झालं असंही नाही. पुण्यानं ते जरा नेटानं केलं, एवढंच.

आणि याच पुण्यात, याच बालेवाडीत, आधी एक वेगळा क्लब होता. पुणे एफसी. २००७ साली निघालेला. त्यांनी गोव्याच्या डेरिक परेरांना २००९ ते २०१३ असं चार मोसम राहू दिलं. आय-लीगमध्ये २०१२-१३ला संघ दुसरा आला. नट नव्हते, त्यामुळे कॅमेरेही नव्हते. त्यांची पोरं तयार करायची अकादमी इतकी चांगली होती, की पुणे एफसी मिटला तेव्हा पुणे सिटीनं ती अकादमी उचलून घेतली. मलप्पुरमचा आशिक कुरुनियन त्या अकादमीतला. एका क्लबनं दही लावलं, दुसऱ्यानं विरजण विकत घेतलं आणि रोज भांडं बदललं.

पण अहवालातलं माझं सर्वांत आवडतं प्रकरण मुंबईचं आहे, आणि ते मी कमिटीला दोनदा वाचून दाखवलं. मुंबई सिटी नव्हे, तो रणबीर कपूरचा. हा मुंबई एफसी, कूपरेजवर खेळणारा. याचे कोच २००९पासून खालिद जमील. हातात पैसा बेताचा, खेळाडू इतरांनी सोडलेले, खेळ असा की बघायला आलेला माणूस अर्ध्यातून उठून भेळ खायला जाईल. पण सात वर्षं हा संघ आय-लीगमधून खाली गेला नाही. दरवर्षी लोक म्हणायचे, यंदा बुडणार. दरवर्षी खालिद शेवटच्या क्षणी गुण गोळा करून वर काढायचे. मध्यमवर्गीय बाप जसा दर मार्चला मुलांच्या फिया भरतो, तसं. कौतुक शून्य.

२०१६ला क्लबला वाटलं, किती दिवस नुसतं तगून राहायचं? आता भरारी घेऊ. खालिद यांच्याशी काडीमोड झाला. खालिद उठून मिझोरमला गेले, आयझॉल एफसीकडे. आदल्याच वर्षी खाली ढकललेला आणि कसाबसा परत घेतलेला क्लब. २०१६-१७च्या मोसमात आयझॉलनं आय-लीग जिंकली. त्याच मोसमात त्याच तक्त्यात सर्वांत खाली कोण होतं, सांगा? मुंबई एफसी. खाली गेले आणि क्लबही बंद पडला. एकाच कागदाच्या वरच्या टोकाला काढलेला माणूस आणि खालच्या टोकाला काढणारे. इतका सुबक न्याय आमच्या कीर्तनकारांच्या गोष्टीतसुद्धा होत नाही. तिथे निदान पुढच्या जन्माची वाट बघावी लागते. हेच खालिद जमील ऑगस्ट २०२५मध्ये भारताचे कोच झाले.

हे ऐकून अध्यक्ष गंभीर झाले. मला वाटलं, मुद्दा पोचला. ते म्हणाले, "मंग खालिदले आपल्याकडे बोलावता येईन का? एका सीझनसाठी?"

एका सदस्यानं मँचेस्टर युनायटेडची आठवण काढली, कारण त्याच्याकडे त्यांचा टी-शर्ट आहे. तिथे अ‍ॅलेक्स फर्ग्युसन १९८६ ते २०१३ बसून होते. पहिला चषक यायला साडेतीन वर्षं लागली. पुण्याच्या हिशोबानं तेवढ्यात तीन कोच जाऊन चौथ्याचं सामान बांधायला सुरुवात झाली असती. फर्ग्युसन गेल्यावर मँचेस्टरवाल्यांनीही आमचाच रस्ता धरला: मोयेस, व्हान हाल, मोरिन्यो, सोल्शार, रांग्निक, टेन हाग... टी-शर्ट तोच आहे, असं तो सदस्य म्हणाला. फक्त धुतल्यावर जरा आटलाय.

आता हैदराबादची गंमत. पुण्याच्या जागी उभा राहिलेला हा संघ २०१९-२०मध्ये ब्राऊनसाहेबांसकट आपटला, दहात दहावा आला, ब्राऊन जानेवारीतच गेले होते. मग २०२०मध्ये मनोलो मार्केझ नावाचे स्पॅनिश कोच आले. पहिल्या वर्षी पाचवे. बाद फेरी थोडक्यात हुकली. आणि इथे हैदराबादनं भारतीय फुटबॉलमधली सर्वांत धाडसी गोष्ट केली. काहीच केलं नाही. माणूस ठेवला. दुसऱ्या वर्षी, २० मार्च २०२२ला, फातोर्ड्याच्या मैदानात अंतिम सामना, समोर केरळा ब्लास्टर्स, अंगावर एक गोल. ८८व्या मिनिटाला साहिल तावोरानं बरोबरी केली, आणि पेनल्टींमध्ये लक्ष्मीकांत कट्टीमणीनं तीन फटके अडवून चषक घेतला. दोघंही गोव्याचे, म्हणजे आपल्याच शेजारचे. तेव्हा मलाही दोन अश्रू आले, पण ते पुण्यासाठी होते.

कारंजा घाडगेकडचे एक संत्रा बागायतदार आमच्याकडे बियाण्यासाठी येतात. त्यांना मी हा हिशोब सांगितला. पाच वर्षं पुण्यानं कोच बदलले, सहाव्या वर्षी उचलून हैदराबादला लावलं, आठव्या वर्षी फळ आलं. त्यांनी बोटांवर मोजून पाहिलं. "कलम लावल्यावर पाच वर्षं तर झाडच धराले लागते," ते म्हणाले. "हे लोक दर वर्षी उपटून पाहत होते का, मुळं फुटली का म्हणून?" मग जरा थांबून म्हणाले, "पण सरकारी अनुदानाचं झाड असन तर चालते."

मार्केझ २०२३ला गेले. मागोमाग हैदराबादचा पैसा आटला, पगार थकले, खेळाडू पांगले, संघ पुन्हा तळाला. २०२५मध्ये तो उचलून दिल्लीला नेला; नाव स्पोर्टिंग क्लब दिल्ली. दिल्लीचा मूळचा संघ, तो पोर्तुगाल यांचा जुना, २०१९लाच ओडिशात गेला होता.

हा मजकूर ऐकताना भाऊजी पहिल्यांदा पुढे सरसावून बसले. हा त्यांचा प्रांत. डोळे मिटून त्यांनी बोटानं हवेत रूळ काढले. "पुण्याहून निघाला. मंग हैदराबाद. हैदराबादहून दिल्ली म्हंजे काझीपेठ, बल्लारशा, सेवाग्राम, नागपूर, इटारसी." डोळे उघडले. "अरे, म्हंजे ते टीम आपल्या घरासमोरून गेली!"

पानठेल्यावर एकदम शांतता पसरली. सुपर लीगचा संघ सेवाग्रामावरून गेला आणि आम्हाला पत्ता नाही. अध्यक्ष म्हणाले, थांबा मागायला पाहिजे होता. एका उपाध्यक्षांनी खासदारांना निवेदन द्यायचं सुचवलं. नेहमीप्रमाणे तेवढाच ठराव एकमतानं पास झाला.

आणि मग तिसऱ्या कोचचा विषय निघाला. गावात कोच या विषयावर सर्वांत जास्त अनुभव कुणाला, असा प्रश्न आला तेव्हा सगळ्यांच्या माना एकाच दिशेला वळल्या. भाऊजींनी आढेवेढे घेतले नाहीत. एकच अट घातली: चार्ट लागल्यावर कुणाची सीट बदलून मिळणार नाही. एकदा जो मागे, तो मागे. जो पुढे, तो पुढे. वशिल्याचा माणूस आला तर त्याला वेटिंग.

गेल्या रविवारी पहाटे साडेपाचला ते जुना काळा कोट घालून मैदानावर पोचले. सात पोरं आली होती. चेंडू त्यांच्यातल्याच एकानं घरून आणला होता, जरा हवा कमी होती. भाऊजींनी वहीत सातही नावं लिहिली, प्रत्येकाला नंबर दिला आणि सांगितलं, उद्याही याच वेळेला. गाडी वेळेवर सुटते.

कमिटीची बैठक त्याच संध्याकाळी होती. विषयपत्रिका मलाच लिहायची होती. विषय क्रमांक एक: कोचच्या आजवरच्या कामगिरीचा आढावा व पुढील निर्णय.